पंच आणि पक्षकार

नगराच्या किंवा जिल्ह्याच्या कारभारी मंडळात निवडून गेलेल्या मनुष्याकडून समाजाची पहिली अपेक्षा कोणती, असा प्रश्न कोणी केला तर बहुतेक सुशिक्षित गृहस्थ क्षणाचाही विलंब न लावता ‘प्रामाणिकपणा’ असे उत्तर देतील. हे उत्तर चुकीचे नाही. परंतु ते अपुरे आहे, आणि त्याच्या अपुरेपणामुळेच आपल्या सार्वजनिक कारभारातील एक मोठा दोष आपल्या दृष्टीआड राहतो, असे आम्हांस वाटते. ज्याने पैसा खाल्ला तो अप्रामाणिक, हे कोणासही कळते व त्याची निंदा करण्यास फारसे धैर्यही लागत नाही. परंतु ज्याने एक छदामही खाल्ला नाही, मात्र ज्या ठरावात त्याच्या स्वतःच्या घरचा संबंध होता त्या ठरावावर त्याने निःशंक मनाने मत दिले, त्या सभासदास काय म्हणावे? तो चोर नाही, लबाड नाही, कदाचित त्याने दिलेले मत योग्यही असेल. मग त्याच्या हातून काही चुकले की नाही? या प्रश्नाचा थोडा विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दुसऱ्यांस नावे ठेवण्यापूर्वी आपल्या घरचे उदाहरण द्यावे हे बरे. पुष्कळ वर्षांपूर्वी वऱ्हाडातील एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर आम्ही होतो. वाचनालयास सभासदांची वर्गणी व थोडेसे सार्वजनिक अनुदान मिळे. पुस्तकांसाठी चार कपाटे करावयाची ठरली आणि गावातील तीन दुकानदारांकडून दर मागविण्यात आले. त्यांपैकी एक दुकान आमच्या मेहुण्याचे होते. लखोटे उघडले तेव्हा त्याचाच दर सर्वांत कमी निघाला. हे नाते मंडळातील सर्वांस ठाऊक असेलच असे आम्ही गृहीत धरले. कोणी विचारले नाही आणि आम्ही सांगितले नाही. ठराव मांडला गेला, इतरांबरोबर आमचाही हात वर झाला. कपाटे उत्तम झाली. आमच्या माहितीप्रमाणे ती अद्याप वापरात आहेत. संस्थेचा एक रुपयाही वाया गेला नाही.

पुढे काही महिन्यांनी त्या तिघांपैकी दुसरे दुकानदार बाजारात भेटले. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर ते सहज हसत म्हणाले, “भाऊसाहेब, मी दर आणखी उतरवला असता, पण म्हटलं, जाऊ द्या, तुमच्या घरचंच काम हाये.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, तक्रारही नव्हती. जे जगात चालते ते आपणही जाणतो, एवढाच त्यातला भाव होता. आणि म्हणूनच ते वाक्य आमच्या मनास अधिक लागले. पुढील वर्षी बाकांसाठी दर मागविले तेव्हा त्यांनी लखोटाच पाठविला नाही.

या घडलेल्या गोष्टीत नुकसान कोणाचे झाले? वाचनालयाचे पैशाने झाले नाही, निदान तसे हिशेबाच्या वहीत दिसत नाही. पण तो दर खरोखरीच सर्वांत कमी होता काय, हेच आता कोणास सांगता यावयाचे नाही. कारण ज्याने तो आणखी खाली आणला असता त्याने आधीच हात आखडता घेतला होता. आमच्या मौनाने एका कष्टाळू माणसाचा हा विश्वास हिरावून घेतला, की येथे आपला दर दराच्याच मापाने मोजला जाईल. हा विश्वास कोणत्याही जमाखर्चात दाखविता येत नाही. परंतु तो गेला म्हणजे सार्वजनिक संस्थेचा पाया खचतो. तात्पर्य, आम्ही प्रामाणिक होतो आणि तरीही आम्ही चुकलो होतो. आमची चूक पैशाची नसून आसनाची होती: जेथे आम्ही पक्षकार होतो तेथे आम्ही पंच म्हणून बसलो.

हा दोष नेहमी एखाद्या व्यक्तीच्या हातूनच घडतो असे नव्हे. कधी कधी तो संस्थेच्या रचनेतच गोवलेला असतो, आणि त्याचे ठळक उदाहरण शोधण्यासाठी आम्हां वऱ्हाडकरांस दूर जावे लागत नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि वऱ्हाडच्या कापसास परदेशातून एकाएकी मागणी आली. १८६७ पर्यंत आगगाडीचा रस्ता अकोला व बडनेऱ्यावरून नागपुरास पोहोचला. अमरावती, अकोला, खामगाव, कारंजा या गावांचे बाजार तेव्हापासून नावारूपास आले. या बाजारांत रात्रभर बंडी हाकीत आलेला शेतकरी आणि रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविणारे दलाल व अडते यांची गाठ पडे. भाव काय ठरला हे पुष्कळदा ज्याचा कापूस त्यासच शेवटी कळे; आणि कळल्यावरही कडता, तोलाई, हमाली, धर्मादाय अशा नावांनी त्यातून काय काय वजा होईल याचा नेम नसे. ही अव्यवस्था मोडावी म्हणून १८८६ मध्ये कारंजा येथील कापसाचा बाजार हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमाने नियमाखाली आणण्यात आला, आणि १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला. हिंदुस्थानात शेतमालाच्या बाजारावर नियंत्रण घालणारा असा हा पहिलाच कायदा होय. या गोष्टीचा वऱ्हाडास अभिमान वाटावा हे योग्यच आहे.

परंतु या कायद्याखाली ज्या समित्या बसल्या त्यांच्यावर प्राबल्य कोणाचे होते? व्यापाऱ्यांचे. ज्याच्या मालाचा बाजार, त्या शेतकऱ्यास समितीत ठरलेली जागा नव्हती. बाजारातील हक्कसांभाळाचे नियम आणि तंट्यांचा निवाडा ज्यांच्या हाती गेला त्यांत शेतकऱ्याचा माणूस कोणी नव्हता. विकणारा आणि घेणारा यांच्यामध्ये घेणाराच न्यायाधीश झाला. यातील सारे व्यापारी अन्यायी होते असे आम्ही मुळीच म्हणत नाही. त्यांत सचोटीची माणसे होती, आणि बाजारात पूर्वीपेक्षा पुष्कळ शिस्तही आली. तरीपण मनुष्य कितीही भला असला तरी ज्या कडत्यावर त्याचा स्वतःचा नफा अवलंबून आहे, तो कडता रास्त आहे असे त्यास मनापासून वाटू लागते. यात ढोंग नसते, आणि म्हणूनच ते अधिक घातक असते. लबाड मनुष्य निदान आपण लबाडी करीत आहो हे जाणतो; हितसंबंधी मनुष्याचे हित त्याच्या बुद्धीलाच रंग देते आणि तो रंग त्याला दिसत नाही. १९२८ च्या शाही कृषी आयोगाने अशा बाजारांच्या समित्यांवर उत्पादकांस प्रतिनिधित्व असावे हा मुद्दा पुढे आणला, तो याचसाठी.

पुढे हा धडा कायद्याने बराचसा गिरविला. महाराष्ट्राच्या १९६३ च्या कृषी उत्पन्न पणन कायद्यात ‘शेतकरी’ या शब्दाची जी व्याख्या आहे ती वाचकांनी अवश्य ध्यानात घ्यावी. जो शेतमाल पिकवितो तो शेतकरी. परंतु जो त्या मालाचा व्यापार किंवा दलाली करतो तो स्वतः शेती करीत असला तरी या व्याख्येत बसत नाही. ज्याने हे शब्द लिहिले त्यास मनुष्यस्वभाव चांगला ठाऊक होता. एकाच गृहस्थाची पन्नास एकर पऱ्हाटी असू शकते आणि बाजारात अडतीची पेढीही असू शकते. तो दोन्ही आहे, यात खोटे काही नाही. पण अडतीच्या दराचा प्रश्न निघाला म्हणजे त्याच्यातील कोणता मनुष्य हात वर करील? बाजार समित्यांच्या अलीकडच्या रचनेत सामान्यतः अठरा संचालकांपैकी पंधरा शेतकऱ्यांच्या बाजूचे, दोन व्यापारी-अडत्यांचे व एक हमाल-मापाऱ्यांचा, अशी वाटणी असते. म्हणजे व्यापाऱ्यास बाहेर घालविले नाही; त्याला त्याच्या स्वतःच्या नावाने, उघडपणे, पक्षकार म्हणून बसविले. हा भेद सूक्ष्म आहे पण सर्व प्रश्नाचे मर्म त्यातच आहे.

येथे एक आक्षेप स्वाभाविकपणे उत्पन्न होतो. ज्यास कशातच हितसंबंध नाही असा मनुष्य वऱ्हाडात आणावयाचा कोठून? येथे वकिलाचेही शेत असते आणि डॉक्टरचाही कापूस जिनात जातो. ज्याचा गावाशी कसलाच संबंध नाही तो गावाचा कारभार काय करणार? उलट, ज्याचे हित गुंतलेले आहे त्यासच विषयाचे ज्ञान असते. हा आक्षेप खरा आहे, आणि ज्यांना प्रत्येक सभासदात संन्यासी पाहिजे असतो त्यांना तो चांगले उत्तर आहे. परंतु हित आणि हित यांत भेद आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्याचे उदाहरण घेऊ. अकोला व अमरावती या जिल्ह्यांतील कित्येक गावांत जमिनीखालचे पाणी खारट. पिण्यास गोडे पाणी बाहेरून आणावे लागते. अशा एका गावी नळाच्या योजनेचा ठराव निघाला आणि सभासदाने ‘माझ्या घरी पाणी नाही, म्हणून मी योजनेच्या बाजूचा’ असे म्हटले, तर त्याचे हित आणि गावाचे हित एकच आहे. तो जे मागतो ते सर्वांसाठी मागतो, आणि तेच तर त्याला निवडून देण्याचे कारण. पण त्याच सभासदाच्या भावाचे टँकर उन्हाळ्यात पाणी पुरवीत असतील, तर नळ लवकर यावा की उशिरा, या प्रश्नात त्याचे हित गावापासून फुटून निघते. पहिल्या हितास आम्ही सामायिक म्हणतो, दुसऱ्यास विशेष. सामायिक हित हे प्रतिनिधीचे बळ आहे; विशेष हित लपविले म्हणजे ते विष होते. ताकाला जाऊन भांडे लपविण्याची गरज ज्याला वाटते, त्याने आपले हित कोणत्या जातीचे आहे हे ओळखून असावे.

आता कायदा या बाबतीत काय म्हणतो ते पाहू. मध्यप्रांत व वऱ्हाडच्या १९२२ च्या नगरपालिका कायद्यात, नगरपालिकेशी झालेल्या करारात ज्याचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध आहे तो सभासद होण्यास अपात्र, असे कलम होते. नगरपरिषदांचा १९६५ चा कायदा, जिल्हा परिषदांचा १९६१ चा कायदा, ग्रामपंचायतींचा कायदा व महापालिकांचा कायदा या सर्वांत याच अर्थाच्या तरतुदी आहेत. नगरपरिषदेच्या कायद्यात तर, ज्या विषयात सभासदाचा स्वतःचा किंवा भागीदाराचा हितसंबंध आहे, अथवा ज्यात तो आपल्या पक्षकाराच्या वतीने व्यावसायिक नात्याने गुंतला आहे, त्या विषयात त्याने सभासद म्हणून भाग घेतल्यास त्याचे पद जाऊ शकते. यास काही अपवादही ठेविले आहेत: नगरपालिकेची जाहिरात छापणाऱ्या वृत्तपत्रात कोणाचा हिस्सा असला किंवा मोठ्या कंपनीत त्याचे भाग असले, म्हणजे तेवढ्यानेच तो अपात्र होत नाही. या साऱ्यावरून कायदेकर्त्यांनी विचार केला नाही असे कोणास म्हणता यावयाचे नाही.

तथापि ‘अप्रत्यक्ष हितसंबंध’ या दोन शब्दांत केवढा संसार सामावला आहे हे न्यायालयात गेल्यावरच कळते. वर सांगितलेल्या १९२२ च्या वऱ्हाडी कायद्याखाली एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले; त्याचा निर्णय १९६६ च्या निर्णयसंग्रहात छापलेला आहे. उमेदवाराचा मुलगा त्याच नगरपालिकेच्या नोकरीत होता, म्हणून बापाचा त्या नोकरीच्या करारात अप्रत्यक्ष हितसंबंध आहे, असा आक्षेप होता. न्यायालयाने तो मान्य केला नाही. केवळ नाते असणे पुरेसे नाही. हितसंबंध म्हणजे निव्वळ मायेचा किंवा स्नेहाचा ओढा नव्हे, तो द्रव्याचा किंवा तत्सम भौतिक स्वरूपाचा असला पाहिजे, असा त्या निर्णयाचा आशय आहे. याउलट गोव्यातील एका पंचायत सभासद स्त्रीच्या प्रकरणात २०१२ साली त्याच न्यायालयाने निराळे उत्तर दिले. तिचा पती पंचायतीचा कंत्राटदार होता. आणि गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या दिवाणी कायद्याने पतिपत्नीची मालमत्ता सामायिक असते, म्हणून पतीच्या कंत्राटात पत्नीचाही वाटा ठरला आणि तिचे सभासदत्व टिकले नाही. पुढे २०१८ साली वाशिम जिल्ह्यातील एका ग्रामपंचायतीचे प्रकरण आले. हा जिल्हा १९९८ पर्यंत अकोल्याचाच भाग होता. तेथे प्रश्न कंत्राटाचा नसून सरकारी जमिनीवरील अतिक्रमणाचा होता. कुटुंबातील वडीलधाऱ्यांनी अतिक्रमण केले असले तरी जो सभासद त्याच जागेचा उपभोग घेत राहतो तो अपात्र ठरतो, असे न्यायालयाने सांगितले. आणि मूळ अतिक्रमण करणाराच काय तो अपात्र, हे एकच वर्ष आधी दिलेले मत बाजूस सारले.

या तिन्ही निर्णयांत विसंगती आहे असे आम्हांस म्हणावयाचे नाही. प्रत्येक ठिकाणी कलम वेगळे, परिस्थिती वेगळी. आम्हांस दाखवावयाचे आहे ते इतकेच, की कायद्याचा काटा पैशाचे वजन दाखवितो, मायेचे दाखवीत नाही. आणि न्यायालयाने तसे केले हे एका दृष्टीने योग्यच आहे. एरवी मुलगा शिपाई झाला या अपराधासाठी बापाचा निवडणुकीस उभे राहण्याचा हक्क हिरावून घेण्याची पाळी यावयाची, आणि चोर सोडून संन्याशास फाशी व्हावयाची. पण जे न्यायालयास शिक्षा करण्याजोगे वाटत नाही ते सदसद्विवेकबुद्धीसही मान्य असलेच पाहिजे, असा नियम नाही. सभासदत्व जाण्याचे भय जेथे संपते तेथून पुढे नीतीचा प्रांत सुरू होतो, आणि आपल्या छोट्या गावांतील नव्वद गोष्टी त्या प्रांतातच घडतात.

या प्रांतात शिरताना एक गोष्ट मोकळ्या मनाने कबूल केली पाहिजे. हितसंबंधाचा झगडा हा सद्गुण व दुर्गुण यांच्यामधला झगडा नसतो. तसे असते तर तो सोपा होता. तो बहुधा दोन सद्गुणांमधला असतो. आपल्याकडे ज्याने थोरल्या बहिणीच्या मुलास हात दिला नाही तो काका-मामा कसला, असे घरोघर म्हणतात, आणि त्यात खोटे काय आहे? विम्याची, निवृत्तिवेतनाची सोय नसलेल्या समाजाला सोयऱ्याधायऱ्यांनीच शतकानुशतके तगवून धरले. दुष्काळात ज्याच्या घरी पोरे नेऊन ठेवावयाची, लग्नात ज्याच्याकडून पैसा उचलावयाचा, तो आपला माणूस. आणि आपला माणूस निवडून आला असता आपले काही करीत नाही, तर तो काय कामाचा? सभासदावर घरून जे दडपण येते ते लोभाचे नसते, कृतज्ञतेचे असते. म्हणून ‘नाती विसरा’ असा जो उपदेश त्यास करतात तो आम्हांस पोकळ वाटतो. मनुष्याने मामा असणे सोडू नये. त्याने फक्त एकाच घटकेस मामा आणि पंच असू नये.

हा विचार आपण इंग्रजांकडून शिकलो असे कोणास वाटत असल्यास त्याने तामिळनाडूतील उत्तरमेरूरच्या शिलालेखांकडे पाहावे. चोळ राजा पहिला परांतक याच्या राजवटीत, इसवी सन ९१९ व ९२१ या वर्षी, तेथील ग्रामसभेने आपल्या समित्यांवर कोणी निवडून यावे याचे नियम कोरून ठेविले. वयाची व करपात्र जमिनीची अट होतीच. परंतु त्याखेरीज, जो पूर्वी समितीवर असताना हिशेब देऊ शकला नाही त्याचे नाव चिठ्ठीवर लिहू नये, आणि त्याच्या अमुक अमुक नातलगांचेही लिहू नये, असा नियम होता. आणि ते नातलग मावसभावांपर्यंत, आतेभावांपर्यंत मोजून सांगितले होते. नुकताच समितीवर बसून गेलेल्यास तीन वर्षे पुन्हा येता येत नसे. अकराशे वर्षांपूर्वीचे ते ब्राह्मणग्राम आजच्या दृष्टीने समतेचे आदर्श नव्हते, हे आम्ही जाणतो. पण गावात सारेच एकमेकांचे सोयरे असतात, आणि म्हणूनच नियम कडक पाहिजेत, हे त्यांस कळले होते. आम्ही मात्र त्याच कारणावरून नेमके उलट अनुमान काढतो: सारेच सोयरे, तर नियम चालणार कसे?

दुसरा एक युक्तिवाद अलीकडे वारंवार ऐकू येतो. अमक्याचा धंदा काय आहे हे लोकांस ठाऊक होते, तरी त्यांनी त्यास निवडून दिले. मग तक्रार कशाची? या युक्तिवादात एक लपलेली लबाडी आहे. मतदाराने त्या गृहस्थास प्रतिनिधी नेमले, त्याच्या प्रत्येक देयकावर आधीच सही केली नाही. वकिलास वकीलपत्र दिले म्हणजे त्याने आपली जमीन स्वतःच्या नावे करून घेण्यास संमती दिली असे होत नाही. उलट, ज्याच्यावर अधिक विश्वास टाकला त्याच्यावर उघडपणाचे ऋणही अधिक.

मग करावे काय? आमचे उत्तर फार जुने व साधे आहे. विषय निघताच सभासदाने उठावे, आपला संबंध काय तो चार शब्दांत सांगावा, तो सभेच्या इतिवृत्तात लिहून घेण्यास सांगावे आणि तो विषय संपेपर्यंत सभागृहाबाहेर जाऊन बसावे. ब्रिटनमध्ये १९३३ च्या स्थानिक राज्यकारभाराच्या कायद्याने सभासदांवर हे बंधनच घातले होते: ज्या विषयात आर्थिक हित असेल ते उघड करावे, चर्चा करू नये, मत देऊ नये, एकत्र राहणाऱ्या पतिपत्नींपैकी एकाचे हित दुसऱ्यास ठाऊक असल्यास ते दुसऱ्याचेही मानावे. आम्ही याहून एक पाऊल पुढे जाऊ. पैशाचे नाते नसून केवळ मायेचे असले, ज्यास न्यायालय हितसंबंध म्हणणार नाही असे असले, तरीही उठावे. ज्या शाळेच्या संचालक मंडळावर आपण आहो तिच्या अनुदानाचा प्रश्न असला तरी उठावे. ज्या जागेशेजारी आपला भूखंड आहे तेथून रस्ता जावा की नाही, याची चर्चा असली तरी उठावे.

यावर अनुभवी लोक हसतील, हे आम्हांस ठाऊक आहे. ते म्हणतील, बाहेर जाऊन बसणे हे नाटक. जे ठरावयाचे ते आदल्या रात्री ओसरीवर ठरलेले असते. हे बऱ्याच अंशी खरे आहे. उठून जाणाऱ्याचा प्रभाव त्याच्या खुर्चीबरोबर सभागृहात मागे राहतो. परंतु म्हणून उठणे व्यर्थ ठरत नाही. इतिवृत्तात एक ओळ लिहिली गेली म्हणजे ती कोणासही वाचता येते. उद्या काम निकृष्ट निघाले तर नेमका प्रश्न विचारता येतो. दुसऱ्या दुकानदारास कळते की नाते झाकलेले नाही, आणि झाकलेले नसल्यामुळे बाकीचे सभासद ते पाहूनच मत देणार आहेत. शिवाय जो उघडपणे उठला त्याला ओसरीवरही थोडा संकोच वाटू लागतो. कोणतीही रूढी अशाच संकोचातून जन्मास येते.

या साऱ्या विवेचनात केवढी गोष्ट पणास लागली आहे ते सांगून हा लेख संपवू. लॉर्ड रिपन यांनी १८ मे १८८२ च्या ठरावात स्थानिक स्वराज्याचा पुरस्कार केला तो कारभार अधिक चोख होईल म्हणून मुख्यतः नव्हे, तर त्यातून लोकांस राजकीय शिक्षण मिळेल म्हणून. हे शिक्षण वऱ्हाडात अगदीच वाया गेले नाही. १९२८ मध्ये पंजाबराव देशमुख अमरावतीच्या जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले तेव्हा त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांस खुल्या करविल्या. स्वतःच्या भोवतालच्या बहुसंख्य समाजाचा रोष पत्करून सार्वजनिक या शब्दाचा अर्थ त्यांनी कृतीने सांगितला. पुढे अमरावतीस १९८३ मध्ये व अकोल्यास २००१ मध्ये महापालिका आली. मध्यंतरी १९९२ च्या घटनादुरुस्त्यांनी या संस्थांस राज्यघटनेचा आधार मिळाला. आणि तरीसुद्धा, २०२२ च्या मार्चमध्ये दोन्ही महापालिकांची मुदत संपून कारभार दीर्घकाळ प्रशासकांच्या हाती राहिला, तेव्हा कित्येक सुशिक्षित घरांतून आम्ही हे उद्गार ऐकले, की नगरसेवक नाहीत तेच बरे आहे. निदान साहेबाचा कोणी साडू गावात नाही.

ते ऐकून आम्हांस खेद झाला, पण रागावता आले नाही. ज्या हक्कासाठी आपल्या आजोबा-पणजोबांनी अर्ज केले, सभा भरविल्या, ते स्वराज्य त्यांच्या नातवांस नकोसे वाटावे, ही गोष्ट कोण्या एका मोठ्या अपहारामुळे घडत नाही. ती हजारो लहान लहान मौनांमुळे घडते. सांगता आले असते पण सांगितले नाही, उठता आले असते पण उठलो नाही, अशा हजारो क्षणांची ती बेरीज असते. कुंपण शेत खाते असे आपण म्हणतो. पण कुंपण शेत खात नसले, नुसते खात असेल असे शेजाऱ्यास वाटू लागले, तरी तो त्या शेताची राखण करावयास येईनासा होतो.

त्या बेरजेत आमच्याही एका मौनाचा आकडा आहे. वाचनालयातील ती कपाटे कधी दृष्टीस पडली म्हणजे त्यांचे लाकूड किती टिकाऊ निघाले हे आमच्या मनात येत नाही. त्या दिवशी चार शब्द बोलून आम्ही दोन घटका ओट्यावर जाऊन बसलो असतो, तर कदाचित तीच कपाटे आली असती, त्याच मेहुण्याने केली असती; परंतु दुसऱ्या वर्षी तिसरा लखोटाही आला असता.